साडेपाच युरोचा रुमाल

उमरखेडला रेल्वे नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, पत्ता म्हणून सांगतोय. यवतमाळ जिल्ह्याचं हे शेवटचं टोक. खाली पैनगंगा, नदी ओलांडली की मराठवाडा, आणि गाडी धरायची तर हदगाव, अर्धापूर करत नांदेड गाठायचं. सहस्रकुंडचा धबधबा बघायला आलेले पाहुणे हटकून विचारतात, ‘‘सहस्रकुंड नावाचं स्टेशन आहे ना हो तुमच्याकडे?’’ आहे. पण नदीच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात. धबधबा दोघांचा, स्टेशन त्यांचं.

तर अशा या गावात गेल्या मंगळवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरात एका मोबाइलवर सहा डोकी वाकली होती आणि जर्मनीतल्या गाडीत खिडकीला कोण बसणार यावरून भांडण पेटलं होतं. कणीक तिंबून झाकून ठेवलेली, तवा तापून धूर सोडायला लागलेला, आणि आमची ही लाटणं हातात धरून विचारत होती, ‘‘टेबल कोणाच्या पुढ्यात येतंय ते आधी सांगा.’’

झालं असं. अक्काचा मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला आहे. दोन वर्षं ‘या, या’ म्हणत होता. आम्ही ‘येऊ, येऊ’ म्हणत होतो. दोन्ही बाजूंना हे असंच चालणार याची खात्री होती. पण यंदा त्याने तिकिटंच काढली. आई, अक्का, भाऊजी, मी, ही आणि आमची तेरा वर्षांची कन्या. आधी आठ दिवस त्याच्याकडे, मग आगगाडीने खाली फ्रायबुर्गला ‘काळं जंगल’ नावाचं हिरवं जंगल बघायला, आणि तिथून स्वित्झर्लंड, कारण स्वित्झर्लंड न बघता परत आलं तर गावात तोंड दाखवता येत नाही. फ्रायबुर्गला निघायच्या दिवशी भाच्याला सुट्टी नाही. तो आम्हाला हॅम्बुर्गला गाडीत ‘बसवून’ देणार. पुढचे सहा-साडेसहा तास सहा माणसं आपली आपण, त्यांपैकी जर्मन येणारी शून्य. म्हणून जागा आधी धरून ठेवायच्या. त्याने डब्याचा नकाशा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, कोण कुठे बसणार ते आज रात्रीच कळव.’

आज रात्रीच! आमच्याकडे पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर छापायचं हे ठरायला पंधरा दिवस लागतात.

पहिला धक्का भाऊजींना बसला. तिकिटं तर निघालेली आहेत, मग आता हे कसले पैसे? भाच्याने समजावलं की तिथे तिकीट म्हणजे गाडीत चढायचा परवाना. बसायची जागा पाहिजे तर ती वेगळी धरायची, तिचे पैसे वेगळे. नाही धरली तरी चढा खुशाल. मिळाली तर बसा, नाही मिळाली तर उभे राहा.

‘‘असं कुठं असते का बाप्पा?’’ भाऊजी म्हणाले.

असते. उमरखेडच्या बसस्टँडवर असते.

नांदेडची गाडी फलाटाला लागायच्या आधीच, ती वळण घेत असतानाच, तिच्या खिडक्यांतून वस्तू आत पडायला लागतात. रुमाल, उपरणं, टोपी, दप्तर, भाजीची पिशवी. लगीनसराईत तर मागच्या खिडकीतून सात-आठ वर्षांचं पोरगंही आत सोडतात. तेवढ्यापुरतं ते पोरगं म्हणजे रुमालच. या रुमालाचे नियम कुठेही छापलेले नाहीत, पण तालुक्यात सगळ्यांना पाठ आहेत. एक रुमाल, एक सीट. उपरणं आडवं अंथरलं तर दोन, पण मग मालकाचा आवाज उपरण्याएवढाच लांब पाहिजे. पेपर टाकला तर तो धरत नाहीत, कारण पेपर वाचायला म्हणूनही उचलता येतो. आणि दुसऱ्याचा रुमाल हलवणारा माणूस ‘‘कोणाचा आहे हो?’’ असं मोठ्याने विचारतो, पण उत्तर यायच्या आत बसतो. त्यानंतरची बोलणी उभ्याने एकाला आणि बसून दुसऱ्याला करावी लागतात. त्यात कोण हरतं ते सांगायला नको.

एसटीत सीटांच्या डोक्यावर तरी लिहिलेलं असायचं : आमदार-खासदार, स्वातंत्र्यसैनिक, अपंग, महिला. एवढ्या वर्षांत उमरखेडच्या गाडीत बसलेला आमदार मी पाहिलेला नाही. त्यांच्या सीटवर मात्र मी शेकडो वेळा बसलो आहे. लोकप्रतिनिधींचा एवढा थेट लाभ मला दुसऱ्या कुठल्याच बाबतीत झालेला नाही. मग 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. तिकीट अर्धं झालं तरी बसायला सीट अख्खीच लागते, हा हिशेब बहुधा कोणी केला नव्हता. रुमाल वाढले, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा जर्मनीची पद्धत आपलीच आहे. फरक एवढाच की तिथे रुमाल मोबाइलवरून टाकायचा आणि त्याला दर माणशी साडेपाच युरो पडतात, तेही दुसऱ्या वर्गात. सहा माणसांचे 33 युरो. युरोने शंभरी कधीच ओलांडली आहे, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास गेले निव्वळ रुमालात. आणि टाकलेला रुमालही कायमचा नसतो. गाडी सुटल्यापासून 15 मिनिटांच्या आत येऊन बसला नाहीत तर तुमचा हक्क संपला, मग त्या जागेवर कोणीही बसावं. पंधरा मिनिटं! आमच्या स्टँडवर रुमालाचं आयुष्य जास्तीत जास्त दीड मिनिट.

इंग्रज लोक जर्मनांची एक टिंगल फार वर्षांपासून करत आले आहेत. म्हणे सुट्टीवर गेलेला जर्मन माणूस पहाटे उठतो, हॉटेलच्या तलावाकाठच्या आरामखुर्चीवर आपला टॉवेल टाकतो आणि परत जाऊन झोपतो. भाच्याने ही गोष्ट सांगितली तेव्हापासून जर्मनांबद्दलचा माझा सगळा परकेपणा गेला. जे टॉवेल टाकतात ते आपले. इंग्रज दीडशे वर्षं इथे राहून गेले, पण त्यांना हे जमलं नाही.

भाऊजींचा दुसरा आक्षेप पोरीच्या पैशांवर होता. तिकडे पंधरा वर्षांच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं. आमची कन्या फुकट. मात्र तिला शेजारी बसवायचं असेल तर तिचेही साडेपाच युरो. भाऊजी म्हणाले, ‘‘पोरगी फुकट आणि तिची जागा विकत? मग मांडीवर घ्या.’’ तेरा वर्षांची, पाच फूट दोन इंच. तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर जर्मन रेल्वेत चालेल.

यातली गंमत अशी की तिथे पूर्वी कुटुंबाची म्हणून एकत्र जागा धरायची सोय होती. अख्ख्या कुटुंबाला मिळून 10.40 युरो. ती 2025 च्या जूनमध्ये बंद केली आणि माणशी भाव लावला. आईबाप आणि दोन पोरं यांना एकत्र बसायला आता 22 युरो. जर्मनीत त्यावर बरीच ओरड झाली. मला त्या लोकांचं नवल वाटतं. एवढी ओरड करण्यापेक्षा समोरच्याला ‘‘जरा सरकून घेता का’’ म्हटलं असतं तर एका छदामात काम झालं असतं. पण तिथे ‘जरा सरकून घेता का’ हे वाक्यच नाही, असं भाचा सांगतो. तीन जणांच्या सीटवर चौथा बसतो, ही कल्पना त्याने ऑफिसात सांगून पाहिली. त्यांना वाटलं तो कुठल्या तरी अपघाताबद्दल बोलतोय.

आता आपल्या रेल्वेचं. गावाला रेल्वे नाही म्हणून आम्हाला रेल्वेतलं कळत नाही असं समजू नका. नांदेडहून मुंबई, नांदेडहून तिरुपती, नांदेडहून अमृतसर, सगळं करून झालंय. बर्थच्या नंबराला आठाने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 उरली तर मिडल, 3 किंवा 6 उरली तर अपर, 7 उरली तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अपर, म्हणजे खरोखरच तुमच्यासाठी काही उरलेलं नाही. माझ्या मुलीला भागाकार शाळेत आला नाही, देवगिरी एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टवर आला.

पण आपल्याकडे नकाशा समोर ठेवून ‘हे घ्या, बोट ठेवा’ असं कोणी म्हणत नाही. आपण फक्त पसंती कळवायची, देणारा त्याच्या मनाप्रमाणे देणार. जुन्या काळी लग्नं अशीच ठरत. वेबसाइटवर एक चौकट असते : ‘किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा.’ त्या चौकटीत टिचकी मारून मी बाणेदारपणे पुढे जातो. मशीन म्हणतं, नाही. मग मी परत येऊन गुपचूप टिचकी काढून टाकतो. माझ्या बाणेदारपणाचा इतिहास एवढाच आहे.

आणि म्हाताऱ्या माणसांची गंमत तर वेगळीच. ज्येष्ठ नागरिकांना आणि 45 वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. पण तो त्या एकट्या असल्या किंवा फार तर दोघी असल्या तरच. त्याच तिकिटावर सून, नातू, मुलगा अशी तरुण मंडळी आली की तो कोटा लागू होत नाही. म्हणजे आईला एकटीला पाठवलं तर खालचा बर्थ, आणि अख्खं खटलं तिच्या सेवेला बरोबर घेतलं तर ती वर. तिरुपतीला जाताना आम्ही सहाच्या सहा जण एका तिकिटावर होतो. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, आमचं कुटुंब रेल्वेने मोजूनमापून केल्यासारखं आहे. आईला मिळाला अपर. मी एका तिशीतल्या पोराला म्हटलं, ‘‘आईला खालचा द्याल का?’’ तो म्हणाला, ‘‘काका, माझी पाठ.’’ दुसऱ्याला विचारलं, त्याचा गुडघा. संपूर्ण डब्यात धडधाकट अशी एकटी माझी आईच होती. ती पदर खोचून वर चढली आणि वरून म्हणाली, ‘‘इथं पंखा बरा लागतो.’’

असा पूर्वानुभव असलेल्या कुटुंबापुढे भाच्याने डब्याचा नकाशा टाकला होता. हिरव्या चौकोनांवर बोट ठेवा, जागा तुमची. आम्हाला स्वातंत्र्याची सवय नाही. आम्ही बावरलो.

खरं तर नकाशा आम्हाला नवा नव्हता. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा नकाशा रोज कोणी ना कोणी बघतच असतं. मागच्या चाकावरची सीट घ्यायची नाही, शेवटची रांग तर मुळीच नाही, तिथून पुण्याला पोचेपर्यंत माणसाला आपल्या मणक्यांची मोजदाद करता येते. अक्काने त्याच अनुभवाने विचारलं, ‘‘या गाडीला मागचं चाक कुठं येतं?’’ भाच्याने हसण्याचं चित्र पाठवलं. अक्काने मला विचारलं, ‘‘हसतो काय? चाकं नाहीत का गाडीला?’’

मग हिने सांगितलं की आपल्याला शांत जागा बघा. तर तिथे खरोखरच शांततेचा वेगळा विभाग असतो. फोन वाजवायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. भाच्याने लगेच फोनच केला. ‘‘मामी, तिथं आजी आणि आई? सहा तास? दंड नाही करत कोणी, पण लोक नुसते बघतात. त्यापेक्षा दंड परवडला.’’ आई आणि अक्का शेजारी बसून बोलत नाहीत असं या घरात फक्त रेडिओवर मृत्यूच्या बातम्या लागत तेव्हा व्हायचं. शांत विभाग बाद झाला.

खिडकीचंही एक निघालं. नकाशावर खिडकीची म्हणून दाखवलेली जागा घेतली तरी खिडकी मिळेलच असं नाही. काही जागांना खिडकीच्या ऐवजी दोन काचांमधली भिंत येते. पैसे भरून सहा तास करड्या पत्र्याकडे बघत जायचं. हे ऐकून भाऊजींचा चेहरा उजळला. खिडकीजवळ बसून खिडकी न मिळणं हा एसटीतला आमचा नेहमीचा योग. आपल्या वाट्याला काचेची चौकट आणि पुढच्याच्या वाट्याला काच. मग तो काच सरकवून आपल्या तोंडावर वारा सोडतो आणि मागे वळून म्हणतो, ‘‘लावू का?’’ आपण म्हणतो, राहू द्या.

टेबलाचा प्रश्न हिचा होता, आणि तो रास्त होता. डब्यात बहुतेक रांगा एकामागे एक, पण काही ठिकाणी मध्ये टेबल आणि समोरासमोर दोन-दोन अशी चौकडी. टेबल पाहिजेच, कारण हिचे धपाटे, ठेचा, दाण्याची चटणी आणि दशम्या यांना पसरायला जागा लागते. धपाटा हातात धरून खायचा पदार्थ नाही. त्याला खाली पेपर लागतो, शेजारी कांदा लागतो आणि समोर खाणारा लागतो. जर्मनीत कांदा फोडायला गुडघा वापरावा की टेबल, यावर अर्धा तास गेला.

आता चार जणांना चौकडी आणि आम्ही सहा. म्हणजे दोन जण वाटेपलीकडच्या टेबलावर जाणार. इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. इथे स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली आणि तव्याचा आवाज ऐकू यायला लागला.

कारण चौघं कोण ते उघडच होतं. आईला अक्का लागते, अक्काला ही लागते, हिला पोरगी नजरेसमोर लागते. उरले दोन.

भाऊजी आणि मी गेली तीन वर्षं एकमेकांशी ‘‘चहा घ्या’’ आणि ‘‘आत्ताच झाला’’ एवढंच बोलतो. कारण हळद. आमच्याकडे हळद विकायची म्हणजे हिंगोली नाही तर वसमत. त्या वर्षी माझी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून तयार होती, भाव चांगला चालू होता. भाऊजी म्हणाले, थांब, अजून चढणार. मी थांबलो. त्यांनी स्वतःची मात्र त्याच आठवड्यात काढली. पुढे भाव पडला. ते म्हणतात त्यांना पैशांची नड होती. असेल. माझं म्हणणं एवढंच की नड होती तर मलाही ‘नड आहे असं समजून वीक’ म्हणायचं होतं. असो. हे सदर हळदीवर नाही.

तर असे आम्ही दोघं, वाटेपलीकडच्या टेबलावर, समोरासमोर, सहा-साडेसहा तास. दोघांनाही खिडकी. आम्ही दोघांनीही एकाच दमात सांगितलं की आम्हाला काही अडचण नाही, आणि दोघांनाही कळलं की दुसरा खोटं बोलतोय. इतक्या वर्षांत आमचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

पण लगेच पुढचा मुद्दा निघाला. समोरासमोर बसलं की एकाचं तोंड गाडीच्या दिशेला आणि एकाचं उलट. भाऊजींना उलटं बसून मळमळतं. मलाही मळमळतं, किंवा भाऊजींनी सांगितल्यापासून मळमळायला लागलं. अक्का म्हणाली, निम्मं-निम्मं करा, मध्ये उठून जागा बदला. भाच्याने सांगितलं की उठायचीही गरज नाही. फ्रँकफर्टचं मोठं स्टेशन असं आहे की तिथे रूळ संपतात, पुढे वाट नाही. गाडी ज्या तोंडाने आत शिरते त्याच बाजूने उलटी बाहेर पडते. जो हॅम्बुर्गहून सरळ बसून आला तो फ्रँकफर्टपासून आपोआप उलटा, आणि उलटा बसलेला सरळ. सगळं जागच्या जागी.

इतका न्यायी तोडगा या घराने पूर्वी पाहिला नव्हता. पण भाऊजी व्यापारी माणूस. त्यांनी विचारलं, ‘‘फ्रँकफर्ट किती तासांवर?’’ हॅम्बुर्ग ते फ्रँकफर्ट पावणेचार-चार तास. फ्रँकफर्ट ते फ्रायबुर्ग दोन-सव्वादोन. म्हणजे पहिल्यांदा सरळ बसणारा चार तासांचा धनी आणि दुसरा दोन तासांचा. हळदीसारखंच. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे. दोघांच्याही डोळ्यांत हिंगोली होती.

वातावरण निवळावं म्हणून अक्का म्हणाली, ‘‘आपली रेल्वे आली असती तर या सगळ्याची सवय तरी असती.’’ आपली रेल्वे म्हणजे वर्धा-यवतमाळ-नांदेड. कोणे एके काळी, 2008-09 च्या सुमारास मंजूर झाली. 284 किलोमीटर. 28 फेब्रुवारी 2024 ला यवतमाळात मोठा कार्यक्रम होऊन वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. कळंब जिल्ह्याच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला, मध्ये यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. त्यामुळे आमच्याकडे रेल्वेत खिडकी धरत नाहीत, रेल्वेच्या वाटेवर प्लॉट धरतात. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ अशा जाहिरातीचा प्लॉट माझ्या माहितीतल्या एकाने घेतला. अंतर बरोबर आहे, स्टेशन यायचं आहे. त्याने टाकलेला रुमाल गावातला सगळ्यात महाग.

इतका वेळ आई काहीच बोलली नव्हती. ती पाटावर बसून शेंगा फोडत होती. तिने विचारलं, ‘‘कोणाला कसं बसायचं आहे म्हणता?’’

तिला सगळं सांगितलं. सरळ म्हणजे इंजिनाकडे तोंड, उलटं म्हणजे इंजिनाकडे पाठ, आणि पहिले चार तास चांगली जागा कोणाला, हा वाद.

‘‘त्यात वाद कसला?’’ आई म्हणाली. ‘‘जावई आहेत. चांगली जागा त्यांना.’’

भाऊजींनी मान खाली घालून मोठेपणाने ‘‘राहू द्या, कशाला’’ म्हटलं. मी गप्प राहिलो. जावयापुढे या घरात माझं कधी चाललंय? आईने शेंगांचा पसारा बाजूला सारला आणि निकाल पूर्ण केला.

‘‘त्यांना इंजिनाकडे पाठ करून बसवा. आणि याला बसू दे तोंड करून.’’

स्वयंपाकघरात कोणालाच काही कळेना. मग लक्षात आलं. आईचं माहेर दारव्ह्याचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर जाणारी शकुंतला तिच्या माहेरावरून जायची. अरुंद रूळ, बेताचा वेग आणि पुढे मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन. ते 1994 पर्यंत धूर काढत होतं, मग डिझेल आलं. आईचं लग्न, आमची बाळंतपणं, माहेरच्या वाऱ्या, सगळं त्या धुरातून झालं. तिच्या लेखी गाडीत इंजिनाकडे तोंड करून बसतो तो अडाणी. डोळ्यात कोळशाचा कण जातो, पांढरं लुगडं काळं होतं, आणि पोचेपर्यंत माणूस डोळे चोळत बसतो. शहाणी माणसं, मानाची माणसं, नवी नवरी आणि जावई, यांना इंजिनाकडे पाठ करून बसवायचं. ही रीत आहे. ‘‘तुमच्या बाबांना मी नेहमी तसंच बसवलं,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांच्या सदऱ्यावर डाग पडू दिला नाही.’’

‘‘आजी, जर्मनीची गाडी विजेवर चालते,’’ कन्या म्हणाली.

‘‘चालू दे. पाहुण्या माणसाच्या डोळ्यात काही जायला नको.’’

भाऊजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. सासूने दिलेला मान नाकारायचा कसा? नाकारला तर अक्का काय म्हणेल? आणि मळमळतं असं सांगायचं तर ते आत्ताच सांगून झालं होतं, आणि आईने ते ऐकूनच हा निकाल दिला होता. तिच्या मते मळमळतं ते धुराने. मी उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच मनापासून.

रात्री अकराला भाच्याला जागा कळवल्या. चौकडी त्यांची, समोरासमोरच्या दोन आमच्या, चार तास माझं तोंड पुढे आणि भाऊजींची पाठ. त्याचा उलट निरोप आला : ‘झालं, धरल्या. पण एक सांगायचं राहिलं.’

राहिलेलं असं की तिथल्या गाड्यांबद्दल आपल्याकडे जे समजतात तसं काही नसतं. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या जेमतेम 62 टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. शिवाय अधूनमधून फलाटावर घोषणा होते की आज गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले आहेत. म्हणजे पुढचा डबा मागे, मागचा पुढे, आणि अख्खी गाडी फिरलेली. त्या दिवशी नकाशावर जो सरळ तो उलटा, जो उलटा तो सरळ. मग लोक बॅगा ओढत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकाला पळतात. हे वाचून मला नांदेडची आठवण आली आणि बरं वाटलं. मी निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. तिथे चूक झाली.

परवा अक्का सांगत होती की भाऊजी सकाळी अंघोळ करून चिन्मयमूर्ती संस्थानात जाऊन आले. कधी जात नाहीत. नारळ बोललेत म्हणे, पण कशासाठी ते सांगत नाहीत. फक्त निघताना त्यांनी अक्काला विचारलं होतं, डबे उलटे लागतात ती घोषणा जर्मनमध्येच होते की इंग्रजीतही.